सावडीचा रविवार

कान्हा निरगुडाच्या राबातलं, म्हणजे रोपांच्या वाफ्यातलं, भाताचं रोप चाळीस दिवसांचं झालं होतं आणि त्याच्या नऊ खाचरांपैकी दोनच लागली होती. वीस-पंचवीस दिवसांचं रोप उपटायला हलकं, लावायला सोपं. चाळीस दिवसांत त्याच्या बुडाला गाठ धरते. मग ते चिखलात नुसतं उभं राहतं, फुटवे धरत नाही, आणि झोडणीच्या वेळी हातात पोकळ दाणा येतो. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कान्हालाही ठाऊक होतं. पण त्याला आणखीही बरंच काही ठाऊक होतं, आणि घोडं तिथंच अडलं होतं.

वाडी बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर. पस्तीस घरं, सगळी ठाकरांची. बुधवारची सकाळ होती, पाऊस एका लयीत पडत होता. मुलगी निशा पहाटेच्या गाडीने अंबरनाथला कंपनीत गेली होती. ती तिथे बाटल्यांना बुचं लावते. राबात कान्हा आणि काशी, नवराबायको दोघंच. कान्हा रोप उपटायचा, मुळांवरचा चिखल पायावर आपटून झाडायचा आणि मूठ बांधून मागे टाकायचा. काशी त्या मुठी उचलून खाचरात न्यायची आणि वाकून लावत मागे मागे सरकायची. तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या. प्रत्येक पावलाला आग व्हायची. ती बोलत नव्हती. बोलायला बसली असती तर चिखल्यांवर थांबली नसती.

"आज तिसरं व्हईल," कान्हा म्हणाला.

"अर्धं व्हईल."

"देवानं अख्खी दुनिया सहा दिशी केली."

"त्याच्याकडं रोप चाळीस दिशी ठेवलेलं नव्हतं," काशी म्हणाली.

कान्हा हसला. त्याला राग येत नसे आता. चार वर्षांपूर्वी एवढ्यावर त्याने हातातली मूठ तिच्या तोंडावर मारली असती.

चार वर्षांपूर्वी कान्हा अंबरनाथला गोदामात हमाली करायचा. शनिवारी संध्याकाळी पगार, आणि रविवारी सकाळी तोंड न धुता सुरू व्हायचा तो सोमवारी दुपारी माणसात यायचा. काशीचं डाव्या हाताचं मनगट अजून वाकडं आहे ते अशाच एका रविवारचं. मग एका हमालाने त्याला बदलापुरात हेंद्रेपाड्याला प्रार्थनेला नेलं. एक गाळा, तीस-चाळीस माणसं, ढोलकी आणि खंजिरी. त्या दिवशी तिथे सृष्टी कशी झाली ते सांगत होते. उजेड, पाणी, झाडं, मासे, जनावरं. आणि शेवटी देवाने चिखल घेतला, आपल्या हाताने माणूस घडवला आणि त्याच्या नाकात फुंकर मारली. कान्हाला त्यातलं बाकी काय कळलं कोण जाणे, पण देव स्वतः चिखलात हात घालतो हे त्याला फार लागलं. घरी येऊन त्याने काशीला तीन वेळा सांगितलं. "राबणारा देव हाय. आपल्यासारखा. आन सहा दिस राबून सातव्या दिशी बसला. बसा बोलला. मानूस राबून मरायला नाय केला, दुनिया राखायला केला." त्यानंतर त्याने दारूला हात लावला नाही. रविवारी आंघोळ करायची, पांढरा शर्ट घालायचा, साडेसातच्या टमटमने बदलापूर, तिथून चालत हेंद्रेपाडा. प्रार्थना, मग सगळ्यांबरोबर जेवण, चारला परत. नांगर नाही, कोयता नाही, बैलसुद्धा दावणीला मोकळे.

काशी त्याच्याबरोबर जायची. जग सहा दिवसांत झालं की सहाशे, याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. तिचा विश्वास रविवारावर होता. पूर्वी जो वार तिच्या अंगावर यायचा, त्या वाराला आता कुणीतरी धरून ठेवलं होतं, एवढं तिला पुरेसं होतं. त्याबद्दल ती त्या देवाचे मनापासून उपकार मानायची.

अडचण अशी की वाडीची लावणीही रविवारवरच आली होती. वाडीत लावणी सावडीने होते. आज सगळी माझ्या शेतात, उद्या सगळी तुझ्या. मजुरी नाही, हिशेब फक्त दिवसाला दिवस. पूर्वी ही सावड आठवडाभर फिरायची, मंगळवार तेवढा गावदेवाचा म्हणून सोडायचा. पण आता वाडीतली पोरंपोरी अंबरनाथ-बदलापूरच्या कंपन्यांत. त्यांना सुट्टी रविवारी. म्हणून सावड रविवारी. यंदा महिपतीच्या लावणीला रविवार आला, रामभाऊच्या लावणीला रविवार आला, आणि दोन्ही वेळा कान्हा पांढरा शर्ट घालून सगळ्यांच्या देखत टमटममध्ये बसला. वाडी बोलली काही नाही. फक्त कान्हाची पाळी कुणी पुकारली नाही.

दुपारी कान्हा बैल पाजायला गेला तशी काशी हात धुऊन महिपतीच्या घरी गेली. महिपती वाडीतला जुना माणूस. सावडीच्या पाळ्या तोच पुकारतो आणि गावदेवाचंही तोच बघतो. ओटीवर बसून तो फाटक्या प्लास्टिकला सुतळीने टाके घालत होता.

"बाबा, आमची पाळी कवा?"

"कसली पाळी?"

"सावडीची."

महिपतीने टाका ओढून घेतला. "तुझा नवरा माझ्या शेतावर कवा आला, त्या सांग मना."

"बाकीच्या दिशी बोलवलं असतं तर आला असता."

"बाकीच्या दिशी मानसं हायेत कुठं? पोरं सगली कंपनीत. मी न तू न तुझा नवरा, तिघांची सावड करू काय?"

काशी ओटीच्या खाली उभी होती. पागोळीचं पाणी तिच्या खांद्यावर पडत होतं. वर ये, असं महिपतीने म्हटलं नाही. तीन पिढ्यांची ओळख, पण म्हटलं नाही.

"रोपाला गाठ धरली, बाबा," ती म्हणाली. "वरसाचं खानं हाय. माझ्याकडं बघा."

महिपतीने पहिल्यांदा मान वर केली. माणूस वाईट नव्हता. "येत्या रविवारी पोरं मोकळी हायेत," तो म्हणाला. "त्याच्या फुडच्या रविवारी खालच्या पाड्याला जातील. येत्या रविवारी बोलवत असशील तर येऊ. पन कान्हा शेतात पायजे. आमी त्याच्या चिखलात आन तो ढोलकी वाजवत बसलाय, असं नाय व्हनार."

"सांगते त्याला."

"आन एक. सांजला सावड उठते तवा पयली धार गावदेवाला. ती घरधन्यानं सोडायची. त्यानं सोताच्या हातानं. चार साल त्यानं कोंबडा दिला नाय, मी काय बोललो नाय. पन मानसं चिखलात उतरतात, साप-किरडू हाय. उद्या कोनाला काय झालं तर लोक मना इचारतील, कान्हाला नाय."

सावडीला संध्याकाळी पाजतात, ही वाडीची जुनी रीत. ज्याचं शेत त्याची दारू. घरधनी पहिली धार बांधावर ओततो, मग बाकीच्यांचे पेले भरतात. पाजलं नाही तर सावड येत नाही असं नाही, पण पुढच्या वर्षी येत नाही.

त्या संध्याकाळी काशीने गोष्ट काढली. कान्हा चुलीपाशी पायाला तेल चोळत होता. निशा कंपनीचा शर्ट वाळत घालत होती.

"रविवार नाय," कान्हा म्हणाला.

"एकच रविवार."

"एकाचंच दोन व्हतात. मना म्हायती हाय. मी एकच घोट बोलायचो."

"मग काय खायाचं, बाबा?" निशा म्हणाली. "माझ्या पगारात चावल येनार नाय वरसभर. सुपरवायझर ओव्हरटाइम पन देत नाय."

"देव बघंल."

"देव बघंल, पन लावनी कोन करंल?"

कान्हा उठला. तेलाची बाटली बूच लावून कोनाड्यात ठेवली आणि हात उगाच पुन्हा पुन्हा पुसत राहिला. काशीने ते बघितलं. त्याच्या मनात काय चाललंय ते तिला आरपार दिसत होतं. तो हट्टी नव्हता, भ्यालेला होता. आणि तिला स्वतःलाही भीती वाटत होती; पण तिच्यापुढे सात रिकामी खाचरं होती आणि ती रोज डोळ्यांनी दिसत होती.

शुक्रवारी तिने टमटम धरली आणि हेंद्रेपाड्याला गेली. कान्हाला सांगितलं, बाजारात जाते. प्रार्थनेचा गाळा तळमजल्याला होता. भिंतीवर छातीच्या उंचीला मागच्या पुराची पिवळी रेघ होती आणि तिच्या वर रंग नवा होता. प्रार्थना चालवणारे पास्टर कमळाकर अंबरनाथला मशीनवर पहिली पाळी करून चारला येत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या नखांत काळं ऑइल होतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "देवानं वार दिला तो माणसाला दम खाता यावा म्हणून. माणसानं उपाशी राहावं म्हणून नाही. कुणाचा बैल खड्ड्यात पडला तर आज रविवार आहे म्हणून तो तसाच ठेवतो का? कान्हाभाऊंना सांगा, लावणी करा. देव भातावर रुसत नाही."

काशीला इतकं हलकं वाटलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी असं बोलला म्हनून सांगू?"

"सांगा." मग ते थांबले. "सावडीला पाजतात ना तुमच्याकडे?"

काशीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माझा बाप मुरबाडकडचा. मला माहीत आहे. सिस्टर, जेवण द्या, कोंबडी शिजवा, चहा द्या. पण तो कॅन शेतावर येता कामा नये. आणि कान्हाभाऊंच्या हातात तर नाहीच नाही. दारू सुटली म्हणजे गेली असं नसतं. ती दारात बसलेली असते. मला अकरा वर्षं झाली, अजून मी त्या दुकानाच्या गल्लीतून जात नाही."

"हां," काशी म्हणाली.

उठता उठता तिने आणखी एक विचारलं. "मागच्या रविवारी तुमी बोललात, मंडळी म्हंजे एक अंग. पायाला काटा लागला तर हात धावतो. मंग मंडळीतलं कोन येईल काय लावनीला? शनिवारी आली तर रविवार मोडायला नको."

पास्टर ओशाळले. स्वतःला सुट्टी नाही, शनिवारीही पहिली पाळी, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "बघतो. निरोप टाकतो."

मंडळीतली दोन माणसं आली, हे खरं. शनिवारी साडेनऊला टमटममधून मीनल आणि अल्पेश उतरले. मीनल मांजर्लीला राहायची, एका इस्पितळात आया होती. रात्रपाळी करून, नदीचं पाणी वाढतंय म्हणून घरातलं सामान माळ्यावर चढवून तशीच आली होती. अल्पेश उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई करायचा. त्याने एक दिवसाचं काम बुडवलं होतं आणि बरोबर रबरी हातमोजे आणले होते. दोघांनी आल्या आल्या बांधावर उभं राहून प्रार्थना केली. कान्हाचा चेहरा उजळला. "बघ," तो काशीला म्हणाला, "मंडळी आली."

काशीने त्यांना दाखवलं. चार काड्या धरायच्या, अंगठ्याने दाबायच्या, दोन बोटं आत, ओळ सरळ. अल्पेशने काड्या पाच-सहा बोटं आत खुपसल्या. तेवढ्या खोल गेलेलं रोप कुजतं. मीनलने इतक्या वर ठेवल्या की मागे पाणी हललं की तरंगायला लागायच्या. "ऐसा ना?" अल्पेश दर दोन हातांवर विचारायचा, आणि त्याला सांगायला काशीला कंबर सरळ करावी लागायची. लावलेल्या ओळीतूनच तो परत चालत यायचा. साडेअकराला पाऊस थांबून ऊन पडलं, चिखल तापला आणि मीनलला घेरी आली. ती बांधावर बसली ती बसलीच. अल्पेशच्या तळपायात खेकड्याच्या नांगीचा तुकडा गेला. दोनला काशीने दोघांना चहा-भाकरी दिली आणि टमटममध्ये बसवलं. अल्पेश लंगडत होता. "सॉरी ताई," तो म्हणाला, "हमको आता नहीं ये. पन आम्ही प्रेयर करतो."

काशीला त्या पोराची इतकी माया आली की तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग शेतात जाऊन त्यांनी लावलेली सगळी रोपं उपटून पुन्हा लावली. संध्याकाळपर्यंत तिचं तेवढंच काम झालं. दिवसभरात अर्धं खाचर. तीन लागली होती ती साडेतीन झाली.

दिवेलागणीला ती कान्हासमोर बसली. "मी काल पास्टरकडं गेलते."

कान्हाने बघितलं.

"ते बोलले, लावनी करा. वार मानसासाठी हाय. बैल खड्ड्यात पडला तर काढतात ना, तसं. देव भातावर रुसत नाय."

"पास्टर असं बोलले?"

"हां."

"रविवारी?"

"रविवारीच. फोन लावून इचार पायजे तर."

कान्हाने दाराबाहेर माळाच्या दिशेने बघितलं. वाडीत फोनला रेंज नव्हती, वर माळावर जावं लागे. "आनखी काय बोलले?"

काशीच्या तोंडात ते शब्द आले होते. तिने गिळले. कॅन नाही म्हटलं तर महिपती येणार नाही, महिपती नाही तर माणसं नाहीत. आणि ओतायचीच तर आहे, प्यायची कुठे आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

"आनखी काय नाय," ती म्हणाली.

कान्हाने मान हलवली. तो सुटल्यासारखा दिसला पाहिजे होता. उलट त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्याचा हात सोडून दिलाय. काशीला ते दिसलं. पण ती उठली, निशाकडून तिच्या पगारातल्या नोटा घेतल्या, वाटेत महिपतीला उद्या या म्हणून सांगितलं, आणि खालच्या पाड्यावर जाऊन मोहाच्या दारूचा पाच लिटरचा कॅन घेऊन आली. तो तिने सरपणामागे गोणपाटाखाली ठेवला.

रविवारी सकाळी सातला बावीस माणसं शेतावर आली. प्लास्टिकची खोळ डोक्यावरून घेतलेल्या बायका, हाफ पँटीतली कंपनीची पोरं, महिपती, रामभाऊ. रामभाऊ कान्हाचा चुलतभाऊ, शेजारचंच शेत. तीन आठवडे बोलला नव्हता. कान्हा बैल जुंपून आधीच चिखलात उतरला होता. पांढरा शर्ट घरी खुंटीला होता.

"काय कान्हाकाका," एक पोरगा ओरडला, "आज देवाला सुट्टी दिली?"

सगळे हसले. कान्हाही हसला. थोड्या वेळाने खरंच हसला. बावीस माणसं ओळीने वाकली की शेत कसं हिरवं होत जातं, ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. चिखल पुढे, हिरवं मागे. बायकांनी गाणं धरलं. दहापर्यंत एक खाचर, साडेअकरापर्यंत दुसरं. काशी राबातून मुठी पुरवत धावत होती. तिला चिखल्यांची आग आठवतही नव्हती. दुपारी रामभाऊने कान्हाच्या बैलांना आपल्या हाताने चारा टाकला आणि म्हणाला, "डावा बैल लंगडतो रं. खूर बघ त्याचा." एवढंच, पण कान्हा लगेच वाकून खूर बघू लागला. काशीला त्या क्षणी वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं. इतकं बरोबर आयुष्यात कधी केलं नव्हतं.

साडेचारला शेवटची मूठ लागली. माणसं ओहोळात हातपाय धुऊन बांधावर रांगेने बसली. काशीने भात, कोंबडीचा रस्सा आणला. निशाने पत्रावळी मांडल्या. आणि महिपतीने काशीकडे नुसतं बघितलं. तिने गोणपाटात गुंडाळलेला कॅन त्याच्यापुढे ठेवला.

कान्हाने तो बघितला आणि मग काशीकडे बघितलं.

"नुसती धार सोडायची हाय," ती हळूच म्हणाली. "पियाची नाय."

महिपतीने बूच काढून कॅन त्याच्या हातात दिला. कान्हाने दोन्ही हातांनी धरला. तोंड फिरवून त्याने तो वाकवला म्हणून धार बांधावर कमी आणि त्याच्या मनगटावर जास्त पडली. महिपतीने डोळे मिटून वाडीचं, गुराढोरांचं, चिखलात उतरलेल्यांचं रक्षण कर म्हणून मागणं मागितलं. पोरांनी पेले पुढे केले. कान्हाने कॅन खाली ठेवला आणि ओला हात चड्डीला पुसला. पुन्हा पुसला. मग कपाळावरचा घाम पुसायला म्हणून तोच हात वर नेला, आणि तो नाकापाशी थांबला.

काशी भात वाढत होती. तिने सगळं बघितलं. चार पावलांवर होती ती. ओरडली असती तर तो थांबला असता. इतकी वर्षं संसार केला होता तिने, तिला ते नक्की माहीत होतं. पण बावीस माणसं तिच्या भातावर बसली होती, तीन आठवड्यांनी बोलायला लागली होती, आणि मागे नऊच्या नऊ खाचरं हिरवी होती.

"घे रं," रामभाऊ प्रेमाने म्हणाला आणि पेला पुढे केला. "एकच. शेत लागलं तुझं."

कान्हाने पुन्हा काशीकडे बघितलं. लहान मूल विचारतं तसं, घेऊ का, म्हणून. काशीने मान खाली घातली आणि पुढच्या पानावर भात वाढला.

त्यानंतर फार काही सांगण्यासारखं नाही. सोमवारी कान्हा उठला नाही. मंगळवारी वाडी गावदेवाचा वार पाळून घरी बसली, तेव्हा तो रामभाऊच्या ओटीवर बसला. बुधवारी निशाच्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप तोडलेलं सापडलं. गुरुवारी दुपारी काशी त्याला म्हणाली, निदान बैलाच्या खुराला औषध लाव, आणि त्याने बैल हाकायची काठी उचलली. वरचा ओठ फाटला. उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी पडली. मारताना तो एकच बोलत होता, "वार मोडला ना? मंग आता कसला वार? सगलं सारखंच." मारून झाल्यावर तोच रडला. ते रडणंही काशीच्या ओळखीचं होतं.

शनिवारी तिने शेतावर फेरी मारली. रोपांनी मूळ धरलं होतं. गाठीचं रोप असूनही बुडाला एकेक नवं पातं बाहेर पडत होतं. ते बघून तिला आनंद झाला नाही. तिला त्या शेताचा रागही आला नाही. शेताने काय केलं होतं?

रविवारी सकाळी कान्हा पडवीत पालथा झोपला होता. काशीने आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली. निशा चुलीपुढे बसली होती.

"येतेस?" काशीने विचारलं.

"मी नाय." निशाने मान वर केली नाही. "तू पास्टरकडं गेलीस, तूच माझ्या पैशाचा कॅन आनलास. आता तूच जा. मी हितं बसते, नायतर हा बैल विकील."

हेंद्रेपाड्याच्या गाळ्यात माणसं भरली होती. मांजर्लीचं पाणी उतरलं होतं. मीनल पुढच्या रांगेत होती, अल्पेश पायाला पट्टी बांधून ढोलकीपाशी. गाणी झाली. मग साक्षीची वेळ आली. साक्ष म्हणजे उभं राहून, आठवड्यात देवाने आपलं काय चांगलं केलं ते सांगायचं. एका बाईने पोराची नोकरी सांगितली. एका म्हाताऱ्याने गुडघा सांगितला. प्रत्येकानंतर सगळे मिळून हालेलूया म्हणत.

काशी पुढे येऊन सगळ्यांसमोर उभी राहिली. पदर तिने तोंडावर धरला होता.

"आमचं शेत लागलं," ती म्हणाली. "सगलं. एका दिशी."

"हालेलूया!" गाळा दणाणला. अल्पेशने ढोलकीवर थाप मारली. पास्टर कमळाकर हसले, आणि मग काशी एकटी आली आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

"कान्हाभाऊ कुठे आहेत, सिस्टर?"

काशी बसली नाही. तिने पदर सोडला. ओठ दिसला, बोटं दिसली. मीनलच्या तोंडून हाय निघाली.

"पास्टर दोन गोष्टी बोलले व्हते," काशी म्हणाली. "मी एक सांगितली, एक नाय सांगितली. दारू मीच आनली. माझ्या हातानं. त्यानं मना इचारलं, घेऊ काय, आन मी भात वाढत राहिले. शेत पायजे व्हतं मना. शेत देवानं दिलं. मानूस मी घालवला."

पंखा फिरत होता. कुणी हललं नाही.

मागच्या रांगेत सुंदराबाई बसते, सत्तरीची, दोन्ही कानांनी बहिरी. काशीचे ओठ हलायचे थांबलेले तिने बघितले. साक्ष संपली की जे म्हणायचं ते तिने दोन्ही हात वर करून, मोठ्याने, एकटीने म्हटलं.

"हालेलूया."